दोन-चार एकर रान आणि घराभोवतीची कामं, यासाठी कुठलं मशीन घ्यावं? (मी दोनदा फसलो, तुम्ही फसू नका)

माझा चुलतभाऊ कॅनडात असतो. दरवर्षी डिसेंबरात एक व्हिडिओ पाठवतो, दारात गुडघाभर बर्फ आणि हा पठ्ठ्या छोट्या ट्रॅक्टरला पुढं बर्फ फेकायचं अवजार लावून ड्राइव्ह-वे साफ करतोय. उन्हाळा आला की त्याच ट्रॅक्टरला गवत कापायचं अवजार. आम्ही सोलापूरकर ४२-४३ डिग्रीत बसून ते बघणार आणि हसणार, आपल्याला बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. पण परवा फोनवर तो म्हणाला, "अरे मशीन भाड्याने मिळतं इथं पण बर्फ पडला की सगळ्यांना एकाच सकाळी पाहिजे असतं, मग कोण देतो?" आणि मला एकदम हस्ताचा पाऊस आठवला. पाऊस उघडला, वाफसा (ना चिखल ना कोरडी, अशी कामाजोगी ओल) आला की आख्ख्या गावाला त्याच तीन दिवसांत रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागचं माती भुसभुशीत करायचं अवजार) पाहिजे असतो. आपला बर्फ म्हणजे हा वाफसा.

मी नोकरीला सोलापुरात, रान मंगळवेढ्याच्या बाजूला, सव्वातीन एकर. एक एकर डाळिंब, बाकी ज्वारी आणि थोडा चारा, एक छोटं घर, गोठा, पुढं मोठं अंगण, विहिरीकडं जायची कच्ची वाट. शनिवार-रविवारचा शेतकरी म्हणा. गेल्या सहा वर्षांत दोन मशीनं चुकीची घेतली, एक विकली, एकाचं अनुदान घालवलं, त्यातनं जे शिकलो ते खाली क्रमानं लिहितोय. ज्यांचं माझ्यासारखं थोडं रान आहे, किंवा नुकतंच फार्महाऊस घेतलंय आणि यूट्यूब बघून डोकं भणभणलंय, त्यांच्यासाठी. पंधरा-वीस एकरवाल्यांनी वाचून हसू नये, तुमचं गणित वेगळं.

१. दुकानात जायच्या आधी वहीत कामं लिहा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि हेच कोण करत नाही. मी पण केलं नव्हतं. एक वही घ्या, वर्षभरात काय काय काम निघतं ते लिहा, आणि पुढं लिहा ते वर्षातनं किती वेळा आणि किती तास. माझी यादी अशी निघाली: डाळिंबाच्या दोन ओळींमधलं गवत (पावसाळ्यात महिन्यातनं एकदा तरी), बांधावरचं आणि घराभोवतीचं गवत, ज्वारीच्या रानाची मशागत वर्षातनं दोन-तीन पाळ्या, शेणखत गोठ्यातनं बागेत नेणं, वाटेवर मुरूम पसरणं, फवारणी, कडबा कापणं, आणि बांधावरच्या वेड्या बाभळी तोडणं.

आता या यादीकडं नीट बघितलं तर लक्षात येतं की निम्मी कामं हलकी आहेत पण सारखी सारखी येतात, आणि निम्मी जड आहेत पण वर्षातनं दोन दिवस. एकाच मशीनमध्ये दोन्ही कोंबायला गेलं की गडबड होते. मी पहिल्यांदा हीच चूक केली, जड कामाच्या नादात मशागतीचं मशीन घेतलं आणि अंगणातलं गवत काढायला शेवटी विळा घेऊनच बसलो.

२. मग टेप घेऊन रानात जा

तीन गोष्टी मोजायच्या आणि एक बघायची.

दोन ओळींतलं मोकळं अंतर. लागवड १४ बाय १० फुटाची आहे म्हणून १४ फूट मोकळं मिळतं असं नसतं, डाळिंबाच्या फांद्या पसरल्या की माझ्याकडं मधे सात-आठ फूट उरतात, फळं लागल्यावर त्याहून कमी. फांदीच्या टोकापासनं समोरच्या फांदीच्या टोकापर्यंत मोजा, खोडापासनं नको.

फाटकाची आणि वाटेची रुंदी. हसू नका, आमच्या पलीकडच्या वस्तीवर एकानं मिनी ट्रॅक्टर आणला, ट्रॅक्टर फाटकातनं गेला पण मागचा रोटाव्हेटर अडकला, शेवटी एक खांब काढला.

ओळीच्या टोकाला वळायला किती जागा आहे. आपल्याकडं बांधापर्यंत झाडं लावायची सवय, दहा-बारा फूट मोकळं टोक कोण सोडत नाही, मग प्रत्येक ओळीला पुढं-मागं करत बसायचं.

आणि बघायची गोष्ट म्हणजे माती. सोलापूर जिल्ह्यात एकाच गावात माळाची मुरमाड आणि ओढ्याकडंची भारी काळी दोन्ही सापडते. भारी काळी ओली असताना चिखल होऊन ब्लेडला गोळे बसतात, आणि वाळली की ढेकळं अशी की हलकं मशीन त्यावर नुसतं नाचतं. म्हणजे काम करायला मधले मोजके दिवस मिळतात. आमचे शेजारी तात्या, वय सत्तरच्या पुढं, माझं पहिलं मशीन चिखलात रुतलेलं बघून म्हणाले, "साहेब, घात बघून बैल जुपत्यात, ह्याला काय वेगळा नियम हाय का?" घात म्हणजे वाफसाच. तेव्हा राग आला होता, पण बरोबरच होतं. मुठीत माती दाबायची, गोळा झाला आणि वरनं टाकल्यावर फुटला तर वाफसा. नुसता चिकटला तर घरी जाऊन चहा प्यायचा.

३. आता मशीनचे प्रकार, आणि कुणाला काय जमतं

ब्रश कटर. खांद्याला किंवा पाठीला लावायचं. बांध, घराभोवतीचं गवत, पाईपच्या कडेचं, झाडाच्या बुंध्याजवळचं. ज्याच्याकडं कुठलंच मशीन नाही त्यानं सुरुवात इथनंच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. टू-स्ट्रोक हलकं आणि ताकदीचं वाटतं पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, फोर-स्ट्रोकला ती कटकट नाही आणि आवाज कमी. टू-स्ट्रोक घेतलं तर प्रमाण मशीनच्या पुस्तकात बघा, २५:१ असेल तर एक लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. अंदाजानं ओतलं की एकतर धूर नाहीतर सिलिंडर जाम. मी औषधाची जुनी मापाची बाटली खास त्यासाठी ठेवलीय. नायलॉन दोरीचं हेड मऊ गवताला, लोखंडी पातं झुडपाला, आणि वेडी बाभूळ मनगटाएवढी झाली की ते ब्रश कटरचं काम नाही, कुऱ्हाड घ्या नाहीतर चेन सॉ.

पॉवर वीडर. तण काढायला आणि वरची माती हलवायला, ५ ते ९ एचपी, पेट्रोल किंवा डिझेल, मागनं हातानं धरून चालवायचा. इथं सगळ्यात जास्त लोक फसतात, मी पण इथंच फसलो, म्हणून जरा सविस्तर.

वीडर दोन जातीचे असतात. एकात चाकाच्या जागीच ब्लेडं बसवायची, म्हणजे ब्लेडंच मशीनला पुढं ओढतात. दुसऱ्यात पुढं पॉवरची दोन चाकं आणि मागं ब्लेडं, त्याला दुकानदार बॅक रोटरी म्हणतात. पहिला स्वस्त आणि हलका, मऊ भुसभुशीत रानात मस्त चालतो. पण कडक काळीत तो उड्या मारतो आणि तुम्ही मागनं त्याला दाबत, ओढत, शिव्या देत चालता, संध्याकाळी खांदे हातात येतात. मी हाच घेतला होता, ७ एचपी पेट्रोल, दुकानासमोरच्या कुंडीतल्यासारख्या मातीत त्यांनी चालवून दाखवला आणि मी भाळलो. आपल्या मातीला बॅक रोटरी घ्या, जड आहे, महाग आहे, पण माणूस मोडत नाही. रिव्हर्स गिअर आहे का ते बघाच, ओळीच्या टोकाला जड मशीन हातानं मागं ओढून बघा म्हणजे कळेल मी का सांगतोय.

वेळेचं गणित पण दुकानदार सांगत नाही. कडक मातीत कडेची ब्लेडं काढून दोन फूट रुंदी ठेवली आणि ताशी दीड किलोमीटरनं चाललात तर तासाला साधारण नऊ गुंठे होतात, म्हणजे एकराला साडेचार तास, वळणं आणि पाणी प्यायला थांबणं धरून पाच-साडेपाच. "एक तासात एकर" असं कुणी म्हणालं तर त्याला म्हणा या रविवारी करून दाखवायला.

आणि दोन गोष्टी या वीडरच्या शत्रू. एक ठिबकची नळी. १६ एमएमची लॅटरल ब्लेडात एकदा घुसली की मीटर-दोन मीटर गरगर गुंडाळली जाते आणि शाफ्टच्या सीलपर्यंत (ऑइल अडवणाऱ्या कड्यापर्यंत) जाते. माझी तशी गेली, अर्धा दिवस हॅक्सॉनं कापत बसलो, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर गिअरबॉक्सखाली ऑइलचा डाग. नळी आधी उचलून झाडाच्या बुंध्याशी घ्यायची, नंतरच मशीन आत न्यायचं. दुसरी हराळी. हराळी आणि लव्हाळ्याच्या रानात रोटरी फिरवणं म्हणजे त्यांची लागवड करणं, प्रत्येक तुकड्याला, प्रत्येक गाठीला नवीन कोंब फुटतो. पहिल्या आठवड्यात रान काळंभोर दिसतं, बायकोला फोटो पाठवला जातो, आणि तीन आठवड्यांनी आधीपेक्षा दाट. हराळी असेल तर उन्हाळ्यात खोल नांगरट करून काशा (हराळीची जमिनीतली गाठाळ खोडं) वर आणून उन्हात वाळवा आणि वेचा, त्याला वीडर हे उत्तर नाही.

पॉवर टिलर. १२-१५ एचपी, डिझेल, उदाहरणार्थ व्हीएसटीचा १३ एचपीचा. दणकट, मागं छोटी ट्रॉली जोडता येते. पण तो वळवायला दंडात ताकद लागते. भाताच्या पट्ट्यात तो राजा आहे, आपल्याकडं मला तरी तो मधल्यामधे अडकलेला वाटतो, कुणी रोज वापरणारा माणूस घरी असेल तरच घ्या.

मिनी ट्रॅक्टर. इथं बसून काम होतं हाच अर्धा फायदा. स्वराज कोड ११ एचपीचा पेट्रोलवर, महिंद्रा युवराज २१५ हा १५ एचपी, जिवो २४५ आणि कुबोटाचा बी२४४१ हे २४ एचपी आणि फोर व्हील ड्राइव्ह. रुंदी तीन-साडेतीन फुटाच्या आसपास असल्यामुळं द्राक्ष-डाळिंबात फिरतात, मागं रोटाव्हेटर, ब्लोअर (पंख्यानं फवारायचं अवजार), ट्रॉली चालतं. फवारणीचं मोठं काम असेल तर इकडंच या. नुसत्या गवतासाठी मात्र हा हत्ती आहे, आणि हत्तीला चारा लागतो.

४. विकत की भाड्यानं, हे कागदावर सोडवा

समजा मिनी ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर मिळून सहा लाखाला पडला, दहा वर्षांनी दोन लाखाला गेला. म्हणजे वर्षाला चाळीस हजार नुसती किंमत उतरली. विमा, सर्व्हिस, टायर, बॅटरी धरून वर्षाला वीस हजार धरा, साठ झाले. त्यात कर्जाचं व्याज आणि डिझेल धरलंच नाही. भाड्याचा ट्रॅक्टर समजा तासाला हजार रुपये घेतो, तर साठ तासांचं काम असल्याशिवाय विचारच करायचा नाही. आकडे तुमच्या गावचे घाला, पद्धत हीच. माझ्या वहीत ट्रॅक्टरचे तास निघाले जेमतेम वीस-बावीस. मग ट्रॅक्टर कशाला?

पण भाड्याचे दोन तोटे आहेत ते पण सांगतो. पहिला तो वाफशाचा, सगळ्यांना एकदम पाहिजे असतं आणि तीन एकरवाल्याचा नंबर शेवटी लागतो, तोवर वरची माती वाळून पेरणीची ओल गेलेली असते. यावर माझा उपाय असा की ट्रॅक्टरवाल्याला उन्हाळ्यातच मशागतीच्या पाळीचं काम देऊन ठेवायचं, पैसे वेळेवर द्यायचे, म्हणजे सप्टेंबरात तो फोन उचलतो. दुसरा तोटा डाळिंबवाल्यांनी नीट वाचा: दुसऱ्याच्या बागेतनं आलेल्या रोटाव्हेटरच्या मातीबरोबर मर रोगाची (झाडच वाळवून टाकणारी) बुरशी येऊ शकते. अवजार बागेबाहेरच पाण्यानं धुऊन घ्या, ट्रॅक्टरवाला कुरकुर करेल, करू द्या. आणि झाडाजवळ खोल चालवू देऊ नका, मुळं तुटली की त्या जखमेतनंच मर आत शिरतो. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आपल्या सोलापुरातच, मर आणि तेल्या (फळावर तेलकट डाग पाडणारा रोग) याबद्दल शंका असेल तर युनिव्हर्सिटीपेक्षा तिथं गेलेलं बरं.

माझा स्वतःचा शेवटचा निर्णय असा झाला: फोर-स्ट्रोक ब्रश कटर एक, बॅक रोटरीचा डिझेल वीडर एक, आणि जड कामाला भाड्याचा ट्रॅक्टर.

५. एचपी हा शेवटचा प्रश्न आहे

दुकानात गेल्यावर पहिला शब्द एचपी. "साहेब हा सात, हा नऊ, दोन हजारच जास्त." अहो पण इंजिनचा एचपी म्हणजे अवजारापर्यंत पोचणारा एचपी नव्हे. ट्रॅक्टर असेल तर पीटीओला (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला) किती एचपी मिळतो ते विचारा, रोटाव्हेटर आणि ब्लोअर त्याच्यावर चालतात. पीटीओ सहसा ५४० आरपीएमला असतो आणि बहुतेक अवजारं त्याच हिशोबानं केलेली असतात. मग लिफ्ट किती किलो उचलते (१५ ते २४ एचपीच्या ट्रॅक्टरमध्ये साधारण साडेसातशे किलो), आणि ते वजन मागं लटकलं की पुढची चाकं जमिनीला टेकून राहतात का.

रोटाव्हेटर मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेइतका किंवा थोडा जास्त रुंद पाहिजे, कमी असला तर टायरचे पट्टे न खणलेले राहतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, एका मित्राच्या रानात बघून कळलं.

वाटेवर मुरूम पसरायचा आहे, गोठ्यातलं शेण ढकलायचं आहे, म्हणून पुढं लोडर बकेट लावायची हौस सगळ्यांना असते. मला पण होती. छोट्या ट्रॅक्टरला ती महाग पडते, पुढच्या ॲक्सलवर ताण येतो, आणि वर्षातनं दोन ट्रॉल्या मुरूम पसरायचा असेल तर मागं लावायचं लेव्हलिंगचं फळं पुरतं, नाहीतर सरळ जेसीबीवाल्याला एक तास बोलवा. शेण न्यायला आम्ही चांगलं मजबूत दोनचाकी ढकलगाडं करून घेतलं वेल्डरकडनं, त्या गाड्यानं जेवढं काम केलंय तेवढं पहिल्या वीडरनं केलं नाही.

६. डेमो तुमच्या रानात, तुमच्या मातीत

खिलार खोंड घेताना आपण काय करतो? दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, जमलं तर गाडीला जुपून बघतो. आणि लाखभराचं मशीन घेताना एसी शोरूममध्ये चहा पिऊन सही करतो. डेमो मागा. नाही म्हणाला तर दुसरा बघा, दुकानं काय कमी नाहीत.

प्रदर्शनं मात्र बघून या. सोलापुरात गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) निमित्तानं होम मैदानावर कृषी प्रदर्शन भरतं, डिसेंबरात पुण्याला मोशीत किसान नावाचं प्रदर्शन असतं, एका जागी दहा कंपन्यांची मशीनं हात लावून बघता येतात. फक्त तिथं ॲडव्हान्स देऊ नका. "आजच बुकिंग केलं तर" हे वाक्य ऐकलं की पाकीट खिशात आणि पाय बाहेर.

डेमोत काय बघायचं: थंड इंजिन दोरीच्या किती ओढीत सुरू होतं (त्यांनी आधीच गरम करून आणलेलं असतं, हात लावून बघा). क्लच सोडल्यावर ब्लेडं लगेच थांबतात का. हँडलची उंची तुमच्या कमरेला जुळते का. अर्धा तास सलग स्वतः चालवा, त्यांच्या माणसाला नको, तो रोज चालवतो त्याचा हात बसलेला असतो. नंतर मूठ वळवून बघा, बोटं झिणझिणत असतील तर व्हायब्रेशन जास्त आहे, रोज चार तास ते सोसणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्पेअर. माझा पहिला वीडर ज्या दुकानातनं घेतला (नाव घेत नाही), दीड वर्षात ते दुकानच मोबाईलचं झालं. सीलसाठी फोन करत राहिलो, "येतंय सर, गाडीत आहे" असं दोन महिने. शेवटी गावातल्या मेकॅनिकनं मापाचं सील कुठनं तरी आणून बसवलं. म्हणून आता माझा नियम: मशीन ठरवायच्या आधी मेकॅनिक ठरवायचा. गावाजवळच्या मेकॅनिककडं जायचं, एक चहा सांगायचा आणि विचारायचं, "तुझ्याकडं दुरुस्तीला जास्त कुठलं येतं, आणि कुठल्याचा माल लगेच मिळतो?" दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा. दुकानात एअर फिल्टर, बेल्ट, सील, ब्लेड सेट, क्लच केबल या पाच वस्तू आत्ता कपाटातनं काढून दाखवा म्हणायचं.

७. अनुदान: क्रम चुकला की पैसे गेले

हे नीट वाचा, इथं माझं सरळ नुकसान झालंय. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात ट्रॅक्टर, टिलर, वीडर, रोटाव्हेटर सगळ्याला अनुदान आहे. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ५० टक्के, बाकीच्यांना ४० टक्के, पण वर प्रत्येक यंत्राला एक कमाल मर्यादा असते. त्यामुळं "निम्म्यात मिळतंय" हे नेहमी खरं नसतं, मर्यादा कमी आणि मशीन महाग असलं की प्रत्यक्षात पाव पण पडत नाही. चालू मर्यादा पोर्टलवर किंवा सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडं (पूर्वीचे कृषी सहायक) बघून घ्या, दुकानदाराच्या तोंडचा आकडा धरू नका.

क्रम असा:

पहिल्यांदा फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढा. २०२५ पासनं त्याच्याशिवाय अर्जच होत नाही. मग पोर्टलवर अर्ज, फी २३ रुपये ६० पैसे, सेवा केंद्रवाला वेगळे घेईल ते घेईल. निवड झाली की एसएमएस येतो, त्यात दिलेल्या मुदतीत कागद अपलोड करायचे. ते मंजूर झाले की पूर्वसंमती (खरेदी करायची परवानगी) मिळते. आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी. मी काय केलं? अर्ज केला, निवडीचा एसएमएस आला, मला वाटलं झालं, पावसाच्या आधी पाहिजे म्हणून लगेच मशीन उचललं. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची. संपलं. कुणाच्या पाया पडून पण काही होत नाही, पोर्टलला पाय नसतात.

खरेदी झाल्यावर बिल अपलोड, मग मोका तपासणीला माणूस येतो, मशीन आणि त्याचा नंबर बघतो, फोटो काढतो, त्यानंतर पैसे आधारला जोडलेल्या खात्यात. आपण आधी पूर्ण पैसे भरायचे असतात हे लक्षात ठेवून तजवीज करा.

लागणारे कागद:
- फार्मर आयडी, आधार (मोबाईल नंबर चालू पाहिजे, ओटीपी त्याच्यावर येतो)
- ७/१२ आणि ८-अ (खात्याचा उतारा), ताजे
- बँक पासबुक, खातं आधारला जोडलेलं
- ज्या मशीनला अर्ज केलाय त्याचंच कोटेशन, मॉडेलचं पूर्ण नाव लिहिलेलं
- त्या मॉडेलचा तपासणी अहवाल (बुदनीसारख्या सरकारी तपासणी केंद्राचा, दुकानदार देतो)
- अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर जातीचा दाखला
- ट्रॅक्टरच्या अवजाराला अर्ज असेल तर ट्रॅक्टरचं आरसी बुक
- ७/१२ सामाईक असेल तर बाकी खातेदारांचं संमतीपत्र

शेवटचा कागद किरकोळ वाटतो पण पुण्यातल्या काकांची सही मिळवण्यात आमचे बारा दिवस गेले, एसएमएस आल्यावर नाही, अर्जाच्या आधीच घेऊन ठेवा. तपासणी अहवालाचं पण तसंच. अनोळखी ब्रँडचं स्वस्त मशीन अहवालाशिवाय असतं, "होईल ओ साहेब" वर विसंबू नका, अहवालावरचं मॉडेल आणि मशीनच्या पत्र्यावरचं मॉडेल अक्षरन्अक्षर जुळवा.

८. बिल, नंबर, विमा

पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासनं ट्रॅक्टर आणि मशागतीच्या अवजारांवरचा जीएसटी १२ वरनं ५ टक्के झालाय, जुन्या दरानं कोटेशन देत असतील तर विचारा. अनुदानाचं मशीन असेल तर पैसे बँकेतनंच द्या, रोख देऊ नका. ट्रॅक्टरला पासिंग आणि विमा लागतोच, आपल्याकडं एमएच १३, अकलूजकडच्यांना ४५. "शेतातच फिरतो, कशाला विमा" असं म्हणू नका, रस्ता ओलांडताना काही झालं तर शेत विकावं लागेल.

सेकंड हँड घेणार असाल तर ट्रॅक्टरवरचा कर्जाचा बोजा उतरलाय का ते आरसीवर बघा, बँकेची एनओसी हातात घ्या. जुना वीडर मात्र सहसा घेऊ नये, लोक तो गिअरबॉक्स ओरडायला लागल्यावरच विकतात. मी पण तेव्हाच विकला, घेणाऱ्याला सांगून विकला एवढंच.

९. आणल्यावरचे पहिले पंचवीस तास

पहिलं ऑइल साधारण २०-२५ तासांत बदलायचं, नवीन इंजिनचा लोखंडाचा बारीक चुरा त्यात उतरलेला असतो. नंतर पुस्तकात लिहिल्याप्रमाणं, छोट्या पेट्रोल इंजिनला साधारण ५० ते १०० तास. तास लिहायला गोठ्याच्या दारावर खडू बांधून ठेवा. एअर फिल्टर आपल्याकडं पुस्तकातल्यापेक्षा लवकर साफ करावा लागतो, पुस्तक लिहिणाऱ्यानं मे महिन्यातली सोलापूरची धूळ बघितलेली नसते. ऑइल-बाथ फिल्टर असेल तर तळाचं ऑइल काळं चिखल झालं की बदला.

पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्के इथेनॉल असतं, महिनाभर टाकीत राहिलं की कार्बोरेटर चिकटतो आणि मग दोरी ओढून हात निखळतो. काम संपलं की पेट्रोलचा कॉक बंद करायचा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, टाकीतलं काढून गाडीत ओतायचं. (टू-स्ट्रोकचं मिसळलेलं सोडून.)

आता सेफ्टी. ब्रश कटर चालवताना गॉगल, बूट, जाड पँट, आणि पंधरा मीटरच्या आत कुणी नको. मुरमाड रानात खडा गोळीसारखा येतो, माझ्या गाडीची मागची काच अशीच गेली, गाडी चांगली वीस पावलांवर होती. पीटीओचा शाफ्ट फिरत असताना धोतर, ओढणी, पदर, गळ्यातला टॉवेल काही लोंबतं नको, त्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाकायची आपल्याकडं फॅशन आहे, ती करू नका. ब्लेडातलं गवत काढायचं तर इंजिन बंद आणि पेट्रोलचं असेल तर स्पार्क प्लगची टोपी काढून, मगच हात घालायचा. आणि दाट गवतात शिरायच्या आधी काठीनं आपटून घ्या, घोणस मशीनच्या आवाजानं पळून जाते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ती जागीच बसून राहते. बूट गुडघ्यापर्यंतचे घ्या.

मशीन ठेवायची जागा सावलीत पाहिजे, पत्र्याखाली नुसतं नाही, कारण मे महिन्यात पत्र्याखालीच जास्त भाजतं, बेल्ट आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या तडकतात. मी गोठ्याच्या भिंतीला लागून वर कडबा टाकलेलं छप्पर केलंय. उंदरांचा त्रास आहे तिथं, एकदा स्विचची वायर कुरतडली होती, तेव्हापासनं सीझन संपला की पहिले त्या वायरवर जुन्या सायकलची ट्यूब कापून गुंडाळतो.